पहिल्या किलोमीटरचा हिरो

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राने विचारलं, "तू धावतोस ना रे? मग फुल कधी?"

म्हटलं, "मी दहा किलोमीटर धावतो."

"हो, ते प्रॅक्टिसला. पण रेस कुठली करतोस?"

"दहा किलोमीटरचीच."

यावर त्याने ज्या नजरेने बघितलं ती नजर माझ्या ओळखीची आहे. बारावीचे मार्क सांगितल्यावर नातेवाईक "बरं, मग पुढे काय?" विचारताना जसे बघतात, अगदी तशी. म्हणजे आत्ता जे झालंय ते काही खरं नाही, खरं काय ते अजून पुढेच आहे.

तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही (वडापाव थंड होत होता), म्हणून आजचं हे वीकेंड पुराण. मुद्दा एवढाच, की छोटी रेस ही मोठ्या रेसची पायरी नाही. ती नीट धावणं हे स्वतंत्र काम आहे, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांना येत नाही. मलाही येत नव्हतं. अजूनही पूर्ण येतं असं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी वसईचा. आमची वसई-विरार महापालिका झाली २००९ मध्ये आणि २०११ पासून महापौर मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हा मी शाळेत होतो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. त्याआधी आमच्याकडे सकाळी धावणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस भरतीची तयारी करणारा, नाही तर गाडी चुकत असलेला. आता थंडीची चाहूल लागली की सनसिटीकडून गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला एवढी गर्दी असते, की वॉर्म-अप करायला जागा शोधावी लागते. ज्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी भरतं, तिथेच हिवाळ्यात आम्ही घाम गाळतो.

आमचाही एक ग्रुप आहे. त्यात सीए आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक डेंटिस्ट आहे, आणि एक बँकेतले काका आहेत, वय वर्षं अठ्ठावन्न. ग्रुप म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं की स्क्रीनशॉट आले. कोण किती धावला, कुठल्या पेसने धावला, आणि शेवटी तोच प्रश्न: हाफ कधी, फुल कधी? नोकरीत अप्रेझल असतं ते कमी होतं म्हणून की काय, रविवारी सकाळी पण आपण स्वतःहून एक अप्रेझल लावून घेतलंय.

तर आता माझ्या पराक्रमाची गोष्ट.

२०२३ च्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा वेळ मोजणाऱ्या रेसमध्ये उतरलो. आमच्याच भागातली छोटी रेस, अंतर १० किलोमीटर. त्याआधी प्रॅक्टिसमध्ये ५ किलोमीटरला माझी सगळ्यात चांगली वेळ होती २८ मिनिटं. आणि ग्रुपवर मी जाहीर करून टाकलं, "टार्गेट सब-५५." पंचावन्नच का? तर ग्रुपमधल्या माझ्याच वयाच्या एकाने चोपन्न मिनिटांत केलं होतं, म्हणून. एवढा खोल अभ्यास.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपण विरार लोकलची माणसं. दादरला गाडी पूर्ण थांबायच्या आत डब्यात घुसायची सवय अंगात इतकी मुरलीय, की समोर गर्दी आणि कुठेतरी शिटी, एवढं झालं की मेंदूला न विचारता पाय सुटतात. रेस सुरू झाली आणि माझ्यातला दादरचा प्रवासी जागा झाला. डावीकडून एकाला काटला, उजवीकडून दुसऱ्याला. पहिला किलोमीटर ५:०५. (म्हणजे ५ मिनिटं ५ सेकंद. सब-५५ साठी लागत होते साडेपाच मिनिटांचे किलोमीटर.) वाटलं, वा! बँकेत पंचवीस सेकंद जमा.

पुढचे किलोमीटर असे: ५:१२, ५:२०, ५:३८, ५:५५. पाच किलोमीटरचा बोर्ड आला तेव्हा घड्याळात २७:१०. म्हणजे १० किलोमीटरच्या रेसच्या मध्यावर मी माझा ५ किलोमीटरचा आजवरचा विक्रम मोडून बसलो होतो! याचा अर्थ काय होतो हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. मला मात्र त्याचा आनंद झाला होता.

आनंद फार टिकला नाही. सहावा ६:१८, सातवा ६:४५, आठवा ७:२०. डाव्या बरगडीखाली कळ, पोटऱ्या दगडासारख्या, आणि तोंडाने भात्यासारखा श्वास. सातव्या किलोमीटरला मागून बँकेतले काका आले. त्यांच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता. म्हणाले, "चल रे, माझ्याबरोबर चल हळूहळू." मला त्यांचं हळूहळूसुद्धा झेपलं नाही. नवव्यात चक्क चाललो, ७:४२. शेवटचा ७:१०. एकूण ६२:२५. पहिले पाच २७:१० मध्ये आणि पुढचे पाच ३५:१५ मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. बाबा फिनिश लाइनपाशी मोबाइल घेऊन उभे होते. त्यांना मी पंचावन्न मिनिटं सांगितलेली. चोपन्नाव्या मिनिटापासून ते निळा टी-शर्ट दिसला की शूटिंग सुरू करत होते. घरी त्यांच्या मोबाइलमध्ये तीन अनोळखी माणसांचे फिनिश सापडले. मी पोचलो तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, "काय रे, पाय मुरगळला का?"

आणि मी म्हटलं, "हो, जरासा."

पाय ठणठणीत होता. संध्याकाळी आईने गरम पाण्याचा शेक दिला, तोही मी गुपचूप घेतला. रेस वाईट गेली याचं दुःख दोन दिवसांत विसरलो. त्या शेकाचं मात्र बरेच दिवस मनात राहिलं. दुसऱ्याच्या टायमिंगवरून घेतलेल्या एका आकड्यासाठी मी घरात खोटं बोललो होतो.

त्यानंतर जरा वाचायला बसलो. पहिला प्रश्न हाच, की पहिला किलोमीटर एवढा सोपा का वाटतो?

उत्तर आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल असं आहे. सर्व्हरवर लोड आत्ता वाढलेला असतो, पण मॉनिटरिंगचा ग्राफ पाच मिनिटं उशिरा हलतो. शरीराचंही तसंच आहे. धावायला लागल्या क्षणी स्नायूंना ऊर्जा हवी असते, पण ऑक्सिजनचा पुरवठा त्या मागणीपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं जातात. मधल्या वेळात शरीर स्नायूंमधला साठा वापरतं आणि ऑक्सिजनशिवाय चालणाऱ्या रस्त्याने ऊर्जा काढतं. त्यात रेसच्या आधी दोन दिवस विश्रांती झालेली, अंगात उत्साह, आजूबाजूला गर्दी. त्यामुळे पहिल्या किलोमीटरला शरीराचा रिपोर्ट कायम "सब ठीक है" असाच येतो. तो रिपोर्ट जुना असतो. अलर्ट येतो तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला, आणि तोपर्यंत उधारी करून झालेली असते. वाईट म्हणजे ती उधारी धावता धावता फेडता येत नाही. त्यासाठी वेग बराच कमी करावा लागतो, आणि मग आपण ७:२० वर येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. साधारण एक तास टिकवता येईल असा जो जास्तीत जास्त वेग, त्याला धावणारे लोक ढोबळमानाने थ्रेशोल्ड म्हणतात. आता बघा, भारताच्या गुलवीर सिंगने मार्च २०२५ मध्ये १०,००० मीटर २७:००.२२ मध्ये पूर्ण केले. त्याच्यासाठी ती सत्तावीस मिनिटांची रेस आहे. आपल्यासारख्याला तेवढ्याच अंतराला एक तास लागतो. म्हणजे आपण पूर्ण वेळ बरोबर त्या उंबरठ्यावर उभे असतो. जरा आत राहिलो तर निभावतं, जरा पुढे पाय टाकला की गडगडतो. जिला सगळे "छोटी रेस" म्हणतात, तिच्यात चुकायला सगळ्यात कमी जागा आहे. फुल मॅरेथॉनमध्ये शेवटच्या दहात भिंत लागते असं म्हणतात. आमच्या दहात ती कुठेही लागू शकते, आणि ती आपणच पहिल्या दोन किलोमीटरमध्ये बांधलेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे टार्गेट काढायची पद्धत. पीटर रीगल नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर होता (इंजिनिअर आहे म्हणून सांगतोय असं नाही, पण आहे :-)). त्याने १९७७ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं. एका अंतरावरची वेळ माहीत असेल तर दुसऱ्या अंतरावरची वेळ काढायला दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि पहिल्या वेळेला त्याने गुणायचं. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होते. एक्सेलमध्ये एका सेलचं काम. माझ्या २८ मिनिटांचे झाले ५८:२३. आणि सब-५५ करायला ५ किलोमीटर किती वेळात यायला हवे होते? सुमारे २६:२३. म्हणजे शिटी वाजायच्या आधीच माझं टार्गेट फेल होतं. आपल्याकडे प्रोजेक्टची डिलिव्हरीची तारीख आधी ठरते आणि एस्टिमेट मागून त्या तारखेला बसवतात. त्यावर आपण रोज चहाच्या टपरीवर शिव्या घालतो आणि रविवारी स्वतःच्या पायांशी तेच करतो.

मग वर्षभर मी एकच काम केलं. अंतर वाढवलं नाही. आठवड्यात तीन दिवस धावायचं: एक दिवस आरामात, एक दिवस वीस मिनिटं त्या उंबरठ्याच्या वेगाने, आणि रविवारी दहा-बारा किलोमीटर गप्पा मारता येतील इतक्या हळू. सगळं मिळून आठवड्याला चार तासांच्या आत. हे मी मुद्दाम सांगतोय. वसईहून अंधेरी, पुढे मेट्रो, मग शेअर रिक्षा, असा जाऊन-येऊन तीन-साडेतीन तासांचा प्रवास करणाऱ्या माणसाकडे आठवड्याला चारच तास असतात. फुल मॅरेथॉनची तयारी करायची तर एका रविवारचेच तीन तास, शिवाय आठवड्यात चार-पाच दिवस. ज्यांना जमतं त्यांना माझा दंडवत. पण ज्याला जमत नाही तो कमी आहे, हे मला मान्य नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने आठ महिन्यांत शून्यावरून फुल करायचं ठरवलं. झोप साडेचार तास, वर प्रवास. रेसच्या दीड महिना आधी गुडघा गेला. त्याने मॅरेथॉन सोडली याचं मला वाईट वाटत नाही, त्याने धावणंच सोडलं याचं वाटतं. रविवारी आता तो दिसत नाही.

आणि दहा किलोमीटर ही काय पायरी आहे? कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यातली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने ब्राँझ मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. दोन्ही १०,००० मीटरमध्ये. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ती मॅरेथॉनही धावली. पण म्हणून आधीची पदकं काही मॅरेथॉनची प्रॅक्टिस होत नाहीत.

असो. २०२४ चा हिवाळा, तीच रेस, तेच अंतर. यावेळी ग्रुपवर काही जाहीर केलं नाही. सूत्र ५८:२३ म्हणत होतं, पण सूत्राला वसईचा दमटपणा ठाऊक नसतो, म्हणून मनात ठरवलं होतं साठच्या आत. पण ते दुसरं टार्गेट. पहिलं टार्गेट वेगळं होतं: दुसरे पाच किलोमीटर पहिल्या पाचपेक्षा हळू जाता कामा नयेत.

पंधरा मिनिटं वॉर्म-अप केला. (रेस जितकी छोटी तितका वॉर्म-अप जास्त लागतो, कारण वाटेत तापायला वेळच नसतो. मागच्या वर्षी मी सेल्फी काढत होतो.) शिटी वाजली. माणसं डावीकडून-उजवीकडून सुटली. तो पहिला किलोमीटर मी आयुष्यात विसरणार नाही. इतकं काही न करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. एक आजोबा पुढे गेले. शाळेतली दोन पोरं पुढे गेली. मी ६:०५. दुसरा ६:०२. मग ६:०१, ६:००, ६:०२. पाच किलोमीटरला ३०:१०. मागच्या वर्षीपेक्षा बरोबर तीन मिनिटं मागे!

इथे पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण पाय शाबूत होते. सहावा ६:०३, मग ६:०२, ६:०२, ६:०१. आठव्या किलोमीटरपासून माणसं मागे पडायला लागली. त्यात ती शाळेतली पोरं होती. (आजोबा नाही सापडले. ते फारच पुढे होते.) शेवटचा किलोमीटर ५:५३. दुसरे पाच ३०:०१.

एकूण ६०:११.

साठला अकरा सेकंद कमी पडले.

घरी येऊन घड्याळ सिंक केलं तर अ‍ॅपने फटाके उडवले: तुमचे सर्वांत वेगवान १० किलोमीटर, ५९:४०! हे कसं? तर घड्याळाच्या हिशोबाने मी १०.०९ किलोमीटर धावलो होतो, आणि त्यातले पहिले दहा ५९:४० मध्ये झाले होते. हे जवळपास प्रत्येक रेसमध्ये होतं. रस्त्यावरच्या रेसचं अंतर नीट मोजतात तेव्हा वळणावळणाला सगळ्यात जवळची रेघ धरून, सायकलला काउंटर लावून मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात. आपण मात्र गर्दीतून नागमोडी जातो, वळण बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो. वर जीपीएसची स्वतःची चूक असतेच. म्हणून साठच्या आत यायचं असेल तर घड्याळातला पेस ६:०० ठेवून चालत नाही, ५:५५ च्या आसपास ठेवावा लागतो. हे मला रेसनंतर कळलं.

तर हातात दोन आकडे होते. ग्रुपवर टाकायला स्क्रीनशॉट तयार. "सब-६० डन" असं टाइपही केलं होतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण दहाचा बोर्ड कुठे लागणार हे रेस ठरवते, माझं घड्याळ नाही. शिवाय तो शेक आठवला. टाइप केलेलं खोडलं आणि लिहिलं, "६०:११. दुसरा हाफ पहिल्यापेक्षा नऊ सेकंद फास्ट."

चार अंगठे आले. एकाने लिहिलं, "अरेरे, अकरा सेकंद! शेवटी जरा जोर लावायचा ना." बँकेतल्या काकांनी मात्र फोन केला. म्हणाले, "यंदा तू दहा किलोमीटर धावलास."

त्याच दुपारी जेवताना बाबांना मागच्या वर्षीच्या पायाचं खरं सांगून टाकलं. त्यांनी ताटातून वर न बघता म्हटलं, "माहितीये. मुरगळलेल्या पायाने सोमवारी सात-बाराच्या गाडीला कोणी धावत नाही."

आता तुम्ही म्हणाल, अकरा सेकंदांचं मनाला लावून का घ्यायचं? ६०:११ आणि ५९:५९ यात शरीराच्या दृष्टीने काहीच फरक नाही. मान्य. पण आकड्यांचा हा मोह माझ्या एकट्याचा नाही. २०१७ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात चार अभ्यासकांचा एक पेपर आला. त्यांनी मॅरेथॉनच्या सुमारे ९८ लाख फिनिश टाइम तपासले. वेळांचा आलेख सरळ गुळगुळीत येत नाही. तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा अलीकडे माणसांची दाटी दिसते आणि जरा पलीकडे खड्डा. म्हणजे गोल आकडा दिसला की थकलेल्या पायांतूनही माणूस काहीतरी काढतो. त्यामुळे गोल आकडे वाईटच आहेत असं मी म्हणणार नाही. शेवटच्या किलोमीटरला त्यांचा उपयोग होतो. पहिल्या किलोमीटरला मात्र तेच आकडे घात करतात.

आणि पुरुष मंडळींनो, अजून एक. २०१५ च्या एका अभ्यासात १४ मॅरेथॉनचे सुमारे ९२ हजार निकाल पाहिले. दुसऱ्या अर्ध्यात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी घसरला, बायकांचा ११.७ टक्क्यांनी. अंतर मॅरेथॉनचं असलं तरी स्वभाव तोच. आमच्या ग्रुपमधल्या दोघी शिक्षिका पहिल्या किलोमीटरला कधीच पुढे नसतात. शेवटच्याला मात्र आमच्यातल्या निम्म्यांच्या पुढे असतात. आम्ही त्याला वर्षभर "नशीब" म्हणत होतो.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धची एक बाजू. कायम जपून धावलं तर आपली मर्यादा कळणार कशी? हा प्रश्न खरा आहे. सावकाश सुरुवात ही कधीकधी हिशोबापेक्षा भीती असते. माझ्या ६०:११ मध्येही थोडी भीती होती. शेवटचा किलोमीटर ५:५३ ने गेला म्हणजे आधी कुठेतरी हात आखडला होता हे उघड आहे. आणि ५ किलोमीटरच्या रेसमध्ये तर थोडं धाडस करायलाच हवं, कारण तिथे चुकलं तरी सावरायचे किलोमीटर कमी असतात. पण माझं मत असं, की फुटायचंच असेल तर एखाद्या साध्या रविवारी, सनसिटीच्या रस्त्यावर, ठरवून फुटावं. "आज ५:३० ने सुटतो, बघू किती टिकतो," असं म्हणून. ते शिकणं झालं. रेसमध्ये दुसऱ्याच्या आकड्यामागे फुटणं यात शिकण्यासारखं फार नसतं. मी एकदा करून बघितलंय.

मोठ्या लोकांचंही काही वेगळं नाही. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगाईने ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला, २६:११.००. ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे लावले होते. पहिले ५,००० मीटर सुमारे १३:०८ आणि पुढचे सुमारे १३:०३. जगातला सगळ्यात वेगवान माणूसही पहिल्या फेरीत हिरो होत नाही. आपल्या शेजारी दिवे नसतात, म्हणून आपल्याला जरा जास्त डोकं वापरावं लागतं.

या हिवाळ्यासाठी माझा प्लॅन साधा आहे. नोव्हेंबरात ५ किलोमीटर पूर्ण जोर लावून धावायचे, सूत्रात घालायचे आणि येईल तो आकडा निमूटपणे घ्यायचा. रेसमध्ये पहिले दोन किलोमीटर त्या पेसपेक्षा पाच-सात सेकंद हळू, आठपर्यंत त्याच पेसने, आणि शेवटचे दोन जे उरलं असेल त्यावर. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये शेजारच्याशी चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता आलं नाही तर आपण चुकलोय असं समजायचं. आणि टार्गेट ग्रुपवर टाकायचं नाही. बाबांना सांगायचं, पण खरं. नाहीतर ते परत तीन अनोळखी माणसांचं शूटिंग करतील.

साठच्या आत येईन का? येईन बहुतेक. नाही आलो तरी कँटीनमधल्या मित्राच्या प्रश्नाला आता उत्तर आहे. "फुल कधी?" म्हणालास ना? बाबा रे, मी अजून दहा किलोमीटर शिकतोय. एखाद्या रविवारी वसईला ये. साडेपाचला सनसिटीपाशी भेटू, नंतर चहा माझ्याकडून. अट एकच, पहिले दोन किलोमीटर माझ्या पुढे जायचं नाही.

बघ जमतंय का.